साइटवरची धूळ, फोनमधले आकडे आणि आपली स्वतःची वही

(१ मे रोजी संध्याकाळी झालेल्या ऑनलाइन बैठकीतल्या बोलण्याचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, थोडी काटछाट केली आहे.)

आज महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. नेदरलँड्समध्ये १ मेची सुट्टी नसते, म्हणून आपण काम संपवून, जेवून, रात्री साडेआठला जमलोय. दुबईवाल्यांकडे साडेदहा वाजलेत आणि त्यांना पहाटे चारला बस आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला. मुंबईत चार वर्षं, मग कतार, आणि आता इथे रॉटरडॅमच्या बाजूला बांधकाम सुपरवायझर आहे. हे सांगायचं कारण एवढंच की सिमेंटची पोती उचलणाऱ्यालाही मी ओळखतो आणि ऑफिसात बसून आकडे भरणाऱ्यालाही. आज त्या आकड्यांबद्दल बोलायचंय. साइटवरून होणारं प्रदूषण आता फोन आणि कॉम्प्युटरवर मोजलं जातं, नोंदलं जातं, तपासलं जातं. त्यातलं किती आपल्या कामाचं आहे आणि त्यात आपण कुठे आहोत, हा आजचा विषय.

आधी इथली गंमत सांगतो. गंमत म्हणजे ज्यांचं काम बंद पडलं त्यांच्यासाठी गंमत नव्हती.

नेदरलँड्स छोटा देश, त्यात गाईगुरं, कारखाने, रस्ते सगळं दाटीवाटीनं. हवेतला नायट्रोजन जमिनीवर बसतो, आणि ज्या माळरानांना, वाळूच्या टेकड्यांना 'नातुरा २०००' म्हणून युरोपचं संरक्षण आहे तिथली माती बिघडते. माळावरची हेथरची झुडपं जाऊन गवत माजतं, मातीतला चुना कमी होतो, गोगलगायींना शंख धरत नाही, आणि वेलुवेच्या जंगलात पक्ष्यांच्या पिल्लांचे पाय मोडलेले सापडतात, कारण त्यांना खाण्यातून कॅल्शियमच मिळत नाही. २९ मे २०१९ रोजी इथल्या 'राड फान स्टाटे'नं, म्हणजे सरकारी परवानग्यांच्या भांडणात शेवटचा शब्द असलेल्या न्यायसंस्थेनं, सरकारची नायट्रोजनची जुनी योजना रद्द केली. हजारो प्रकल्प अडकले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला बांधकामवाले पोकलेन आणि ट्रक घेऊन हेगच्या मालीफेल्ड मैदानावर मोर्चाला गेले. पुढे सरकारनं बांधकामाला सूट दिली. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तीही याच न्यायसंस्थेनं, रॉटरडॅम बंदरातल्या पोर्थोस प्रकल्पाच्या खटल्यात, काढून टाकली.

तेव्हापासून साइट सुरू करायची तर आधी हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब होतो 'एरिउस' नावाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत. आरआयव्हीएम ही इथली सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणाची संस्था ती चालवते. त्यात भरायचं काय? कोणती यंत्रं, त्यांचं इंजिन कुठल्या पिढीचं, किती तास चालणार, किती लिटर डिझेल खाणार, किती लिटर अ‍ॅडब्लू लागणार. हे अ‍ॅडब्लू म्हणजे आपल्याकडे बीएस-६ च्या ट्रकमध्ये डीईएफ म्हणून टाकतात तेच. ते संपलं किंवा टाकलंच नाही, तर धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी होत नाही. एवढं भरलं की प्रणाली नकाशावर दाखवते की २५ किलोमीटरच्या आत कुठल्या संरक्षित माळावर तुमच्या साइटचा किती नायट्रोजन पडणार. उत्तर येतं मोलमध्ये, दर हेक्टरी दर वर्षी, दशांशानंतर दोन आकडे. ०.०० आलं तर नायट्रोजनच्या बाबतीत मोकळे. ०.०१ आलं तर प्रश्न सुरू.

मी एकदा हिशोब करून पाहिला. ०.०१ मोल नायट्रोजन म्हणजे ०.१४ ग्रॅम. अडीच एकर रानावर, वर्षभरात, एका चिमटीत मावणाऱ्या मिठापेक्षाही कमी. इतकं बारीक मोजतात.

मला त्याचं कौतुकच आहे, चेष्टा करत नाही. पण मग दुसरा आकडा ऐका. काँक्रीट, वीट, मॉर्टर, चुना-वाळूची वीट कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात क्वार्ट्झ असतो, मराठीत गारेची धूळ म्हणू. इथल्या कायद्यानं आठ तासांच्या कामात श्वासातल्या हवेत तिची मर्यादा आहे दर घनमीटरला ०.०७५ मिलिग्रॅम. कामाच्या पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात पाऊण मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा घ्या आणि त्याचे वीस-पंचवीस तुकडे करा. त्यातला एक तुकडा. बंद जिन्यात कोरड्या ग्राइंडरनं वायरसाठी भिंतीत खाच पाडत असाल, तर हा तुकडा तुम्ही सकाळच्या चहाआधीच खाल्लेला असतो.

माळावर पडणारा चिमूटभर नायट्रोजन साइट सुरू होण्याआधी कॉम्प्युटरवर मोजला जातो. तुमच्या नाकातली धूळ मात्र बहुतेक साइटवर कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. एखादी कंपनी कामगाराच्या कॉलरला पंप लावून मोजमाप करून घेते, ते वर्षादोनवर्षांत एखाद्या दिवशी. बाकी दिवस कायदा आहे, पण नोंद नाही. आणि ज्याची नोंद नाही ते पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मुंबईतही हे पाहिलंय आपण. २०२३ च्या हिवाळ्यात हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि २५ ऑक्टोबरला महापालिकेनं बांधकामांसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फूट पत्रा, हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुणं, आणि साइटवर हवा मोजणारे सेन्सर. चांगलंच आहे. पण ३५ फुटी पत्रा कुणासाठी असतो? समोरच्या सोसायटीसाठी. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून. आत राहतो आपला माणूस, पत्र्याच्या आतल्या बाजूला, आणि रात्री बहुतेक वेळा तिथेच झोपतोही.

आता फोनकडे येऊ.

इथे 'लुख्तमेटनेट' नावाचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप आहे. सरकारी मोजणी केंद्रांचे आकडे दर तासाला येतात. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमचं 'सफर' आहे, तसंच. शिवाय आरआयव्हीएमचं 'सामेन मेटेन' आहे, म्हणजे 'एकत्र मोजू या'. त्यात लोकांनी घराच्या गॅलरीत लावलेल्या स्वस्त सेन्सरचे आकडे नकाशावर दिसतात. साइटशेजारची माणसं हे बघतात आणि पालिकेकडे तक्रार करतात. रॉटरडॅमकडे पर्यावरणाच्या तक्रारी डीसीएमआर ही संस्था घेते आणि चौकशीला माणूस येऊ शकतो, म्हणून ठेकेदार या नकाशांना घाबरून असतो. त्या भीतीचा फायदा आपल्यालाही होतो, कबूल.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गेटवरच्या सेन्सरनं हिरवं दाखवलं याचा अर्थ तुमच्या तोंडासमोरची हवा हिरवी आहे असा होत नाही. गेट ६० मीटर लांब, उघड्यावर. तुम्ही तळघरात. शिवाय स्वस्त सेन्सरला धूळ कुठली ते कळत नाही. त्याला गार, माती, लाकूड सारखंच. इथल्या धुक्यात तर तो पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतो. तेव्हा कुणी पडदा दाखवून "हवा चांगली आहे, मास्क कशाला" म्हणालं, तर त्याला विचारा, हा पडदा मी जिथे कापतोय तिथला आहे का?

तुमच्या तोंडासमोरच्या हवेसाठी एकच ऑनलाइन जागा मला खरी उपयोगाची वाटते. टीएनओ ही इथली मोठी संशोधन संस्था, तिचं 'स्टोफफ्रै वेर्कन' म्हणजे 'धुळीविना काम' नावाचं संकेतस्थळ आहे. कुठलं ग्राइंडर, कुठला ड्रिल, त्याला कुठला हूड आणि कुठला व्हॅक्यूम लावला तर धूळ मर्यादेखाली राहते, हे तपासलेल्या जोड्यांसह तिथे दिलंय. डच भाषेत आहे, पण यंत्राचं मॉडेल नंबर वाचायला भाषा लागत नाही. फोरमनपुढे "धूळ फार आहे" म्हटलं तर तो म्हणतो, बांधकाम आहे, धूळ असणारच. "हे ग्राइंडर या व्हॅक्यूमबरोबर तपासलेलं आहे, आपल्याकडे व्हॅक्यूम का नाही?" असं विचारलं की तो फोन उचलतो. व्हॅक्यूमवर 'एम' चं लेबल बघा, घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. आणि कोरडा झाडू नको. मास्क लावायची वेळ आलीच तर एफएफपी-३, आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला चिकटत नाही, हे आमच्या कोल्हापूरच्या दोस्ताला पटवायला मला महिना लागला.

डिझेलच्या धुराचंही तसंच. इथे १ जुलै २०२० पासून त्याची मर्यादा दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बाकी युरोपच्या ५० पेक्षा खूप कडक. बंद जागेत डिझेल जनरेटर किंवा छोटा पोकलेन चालू असेल तर ही मर्यादा पाळली जाणं जवळजवळ अशक्य. २०२३ पासून सरकार, पालिका आणि बांधकाम कंपन्यांमध्ये 'स्वच्छ आणि उत्सर्जनमुक्त बांधकाम' असा करार आहे, त्यामुळे बॅटरीवरची यंत्रं वाढताहेत. आमच्या मागच्या साइटवर जनरेटरऐवजी कंटेनरएवढी बॅटरी होती. संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं, एवढा फरक मी स्वतः सांगतो.

आता पत्र्याबद्दल. मघाचा नाही, सिमेंटचा पत्रा. आपल्याकडे गोठ्यावर, चाळीवर, शाळेवर तोच असतो; लहानपणी आपण त्याच्या तुकड्यांनी फरशीवर रेघा ओढल्यात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. भारतात त्यावर अजून बंदी नाही. इथे १९९३ पासून आहे, पण जुनी छपरं, पाइप, टाइलखालचा गोंद तसाच राहिलाय. अ‍ॅस्बेस्टॉसची सगळी छपरं काढायला लावणारा कायदा २०१९ च्या जूनमध्ये वरिष्ठ सभागृहात पडला. म्हणून १९९४ च्या आधीची इमारत पाडायची किंवा फोडायची तर आधी तपासणी अहवाल लागतो, आणि १ मार्च २०१७ पासून ते काम करणाऱ्या कंपन्यांना सगळी नोंद 'एलएव्हीएस' या राष्ट्रीय ऑनलाइन प्रणालीत करावी लागते: कुठे सापडला, कुणी काढला, कुठे पुरला. तुम्हाला त्यात लॉगिन मिळणार नाही. पण विचारायला लॉगिन लागत नाही. "या इमारतीचा अ‍ॅस्बेस्टॉस अहवाल झालाय का? दाखवा." आपला माणूस विचारत नाही, कारण त्याला तो राखाडी पन्हाळी पत्रा गावाकडचा, ओळखीचा वाटतो. तुमच्याबरोबरचा पोलिश कामगार तो पाहून चार पावलं मागे सरतो. तो मागे सरला की तुम्हीही सरा.

सगळ्यात महत्त्वाचं आता येतंय. तुमचं बोट.

आजकाल गेटवर कार्ड, आत अ‍ॅप. रोज सकाळी टूलबॉक्स मीटिंग होते आणि टॅबलेटवर 'समजलं' म्हणून सही. एका साइटवर, कंपनीचं नाव सोडून देतो, गारेच्या धुळीवरचा पाच पानांचा डच मजकूर होता. आपले आणि बिहारकडचे मिळून अकरा जण. अकरा सह्या चाळीस सेकंदांत झाल्या, मी घड्याळ बघत होतो. टॅबलेट हातोहात फिरला, प्रसाद वाटल्यासारखा. त्या अकरा सह्या आता कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत आणि त्यांचा अर्थ असा होतो की या माणसांना धोका समजावून सांगितला होता, साधनं दिली होती, त्यांनी मान्य केलं. उद्या कुणाच्या छातीचा प्रश्न आला तर ती सही त्याच्या विरुद्ध उभी राहते.

सही करायची नाही असं मी म्हणत नाही, समजून करा. इथल्या कामाच्या सुरक्षेच्या कायद्यानुसार, म्हणजे आर्बोवेतनुसार, धोक्याची माहिती कामगाराला नीट पोचेल अशी देणं मालकाचं काम आहे. न समजणाऱ्या भाषेतली पाच पानं म्हणजे माहिती पोचली नाही. म्हणा, "इक बेख्रैप हेत नीत", मला हे समजलं नाही. तीन-चार शब्द आहेत, पाठ करा. फोनच्या भाषांतर अ‍ॅपचा कॅमेरा पानावर धरला तर डचचं मराठी होतं. मराठी जरा विनोदी असतं, पण 'मास्क', 'पाणी', 'बंदी' एवढं कळतं. नंतर त्या साइटवर मी दर सोमवारी तीन मिनिटांचा मराठी-हिंदी व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकू लागलो. सुपरवायझर असलेल्या मित्रांना सांगतो, हे फुकट आहे, कुणाची परवानगी लागत नाही.

यंत्रावर काम करणाऱ्यांसाठीही हेच. तास, डिझेलचे लिटर, अ‍ॅडब्लूचे लिटर तुमच्या नावानं अ‍ॅपमध्ये जातात. हिशोबात दाखवलेल्या आकड्याशी जुळावं म्हणून "अंदाजे एवढे टाक" असं कुणी सांगितलं, तर पंपावर दिसतो तोच आकडा टाका. वेगळा टाकायला लावत असतील तर म्हणा, मला मेसेज करा. बहुतेक वेळा मेसेज येत नाही आणि विषय संपतो.

आणि धोका समोर दिसतोय, कुणी ऐकत नाही, तर? आर्बोवेतच्या कलम २९ प्रमाणे गंभीर आणि तातडीचा धोका असेल तर कामगार काम थांबवू शकतो, लगेच वर कळवायचं, आणि त्या वेळेचा पगार कापता येत नाही. 'आर्बैत्सइन्स्पेक्सी', म्हणजे इथली कामगार तपासणी यंत्रणा, ऑनलाइन तक्रार घेते, फोन ०८००-५१५१, नाव न सांगताही चालतं. पोर्तुगाल, पोलंड, लिथुआनियाच्या कंपनीनं तुम्हाला इथे पाठवलं असेल तरी सुरक्षेचे नियम इथलेच लागतात. १ मार्च २०२० पासून अशा कंपनीनं तुमची नोंद इथल्या सरकारी पोर्टलवर करायची असते. केली का, हे विचारा.

मात्र एक स्पष्ट बोलतो. हीच तपासणी यंत्रणा कामाचे परवानेही तपासते. परवान्याशिवाय कामाला लावल्याचा दंड मालकाला होतो, पण ज्यांच्या कागदांत गडबड आहे त्यांनी आधी 'फेअरवर्क' या ॲमस्टरडॅमच्या संस्थेशी किंवा एफएनव्ही या युनियनशी बोलावं आणि मग तक्रार करावी. उगाच शूरपणा नको, घरी हप्ते चालू आहेत.

आता वही. गारेच्या धुळीचा सिलिकोसिस दहा-वीस वर्षांनी दिसतो. तेव्हा तुम्ही इथे नसणार, बीडला किंवा जतला असाल. एक्स-रे काढाल, आणि डॉक्टर टीबी म्हणतील, कारण आपल्याकडे छातीत डाग दिसला की आधी टीबी. हे पुष्कळ वेळा होतं. तेव्हा डॉक्टरांना सांगायला आणि कुणाकडे दावा करायला हाती काय असेल? ठेकेदार बदललेला, साइटवर लोक राहायला आलेले.

म्हणून फोनमध्ये स्वतःचं एक खातं उघडा. रोज नको, आठवड्यातून एकदा, रविवारी भाजी चिरता चिरता. साइटचा पत्ता, ठेकेदार कोण, कुठलं काम, दिवसाला साधारण किती तास कापणं-फोडणं, पाणी होतं का, व्हॅक्यूम होता का, मास्क दिला का. ग्राइंडरच्या लेबलचा फोटो. मास्कच्या खोक्याचा फोटो. सहकाऱ्यांचे चेहरे नको, आणि साइटवर फोटोला बंदी असेल तर नुसतं लिहा. दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे फोन पाण्यात पडला तरी राहील. डच कंपनीच्या थेट कामावर असाल तर 'बेद्रैफ्सआर्ट्स', म्हणजे कंपनीच्या डॉक्टरकडे, मालकाला न विचारता जाता येतं. १ जुलै २०१७ पासून तो हक्क आहे. तिथे गेलात तर तारीख लिहून ठेवा.

आणि शेवटचं, जे फार कमी जणांना माहीत आहे. गेटचं कार्ड, टूलबॉक्सच्या सह्या, अ‍ॅपमधले तास, हे सगळं तुमच्याबद्दलची माहिती आहे. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार तिची प्रत मागता येते, आणि त्यांना एरवी एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. डचमध्ये त्याला 'इनझाखेफरझूक' म्हणतात. इंग्रजीत चार ओळींचा ईमेल पुरतो: माझं नाव, जन्मतारीख, अमुक साइटवर अमुक ते अमुक तारखेला काम केलं, माझ्या प्रवेशाच्या नोंदी, सह्या आणि माझ्या नावानं असलेले धुळीच्या मोजणीचे निकाल पाठवा. कारण सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. काम सुटायच्या महिनाभर आधी पाठवा, विमानतळावरून नको, कारण साइट संपली की ज्या बाईंनी उत्तर द्यायचं त्या दुसऱ्या साइटवर गेलेल्या असतात.

त्या ईमेलचा नमुना मी उद्या ग्रुपवर टाकतो, मोकळ्या जागा सोडून, तुम्ही फक्त भरायचं. आता माइक सुरू करा. सोलापूरच्या दादांचा हात मघापासून वर आहे, ते अ‍ॅस्बेस्टॉसबद्दलच विचारणार असं दिसतंय. बोला दादा.